उलटे वूफर

"मला मॅग्नेट बाहेर पाहिजेत," तो म्हणाला. "वूफर उलटे बसवायचे. मागच्या काचेतून नुसते मॅग्नेट दिसले पाहिजेत. सरळ बसवलेले सगळ्यांकडे असतात."

"उलटे?" कुबेर म्हणाला. "आवाज पाठीमागं जाईल की वो मग. काय वो मेस्त्री?"

"जात न्हाई," मी म्हणालो. "आवाज तेवढाच राहतो."

हे मी गाडीच्या नंबराकडे बघत म्हणालो. एमएच दहा, शेवटी चव्वेचाळीस सतरा. पांढरी गाडी. मागचा बंपर नवीन बसवलेला, त्याचा रंग बाकीच्या गाडीपेक्षा थोडा उजळ होता.

ह्या गाडीखाली माझी बायको गेली होती.

त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. सुगंधा बाजारातून ओल्या शेंगा घेऊन येत होती. सांगलीत, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी पिशवी फाटली. शेंगा रस्त्यावर पसरल्या, काही एका उभ्या गाडीच्या मागे गेल्या. ती उकिडवी बसून गोळा करायला लागली. गाडीत हा येऊन बसला, गाणं लावलं आणि गाडी मागे घेतली. ती ओरडली, लोक ओरडले. गाण्याच्या आवाजात त्याला काही ऐकू गेलं नाही. हे मला तिथल्या दोघांनी त्याच दिवशी दवाखान्यात सांगितलं. कोर्टात तेच दोघे म्हणाले, आम्हाला नीट आठवत नाही. ह्याने सांगितलं, गाणं बंद होतं, मी हॉर्न वाजवला होता, बाई अचानक मागे आली. पुरावा नाही म्हणून सुटला.

कोर्टात मी त्याला एकदाच बघितलं. ते दिवस मास्कचे होते. त्याच्या तोंडावर मास्क, माझ्याही. त्याचा मामा आणि वकील त्याच्या दोन बाजूंना उभे होते. त्याने माझ्याकडे मान वळवलीसुद्धा नाही. त्यानंतर मी सांगलीची खोली सोडली आणि जयसिंगपुरात कुबेर मगदूमच्या दुकानात कामाला लागलो. आधी मी फर्निचर करायचो. इथे गाड्यांत आवाजाचे बॉक्स करायला लागलो. इथे मला सगळे मेस्त्री म्हणतात. दिनकर सुतार म्हणून कोणी हाक मारली असती तर कुबेरनेही इकडेतिकडे बघितलं असतं.

"नाव काय म्हणायचं?" कुबेरने त्याला विचारलं.

"प्रज्योत देसाई."

"मग प्रज्योतराव, उलटं बसवून फायदा काय तेवढं आमच्या मेस्त्रींकडून ऐका. नायतर उद्या म्हणाल, कुबेरनं फसवलं."

मी सांगितलं. वूफर सरळ बसवला की त्याच्या पाठीवरचा मॅग्नेट बॉक्सच्या आत जातो आणि आतली जागा खातो. उलटा बसवला की आतली सगळी हवा मोकळी राहते, मॅग्नेट बाहेर गार राहतो. पण कोनाचं, म्हणजे हलणाऱ्या पडद्याचं, तोंड आत जातं, म्हणून खाली प्लायची रिंग द्यावी लागते, नाहीतर रबर लाकडाला घासतं. आणि वायरही उलटी जोडावी लागते. प्लसला मायनस, मायनसला प्लस. नाहीतर वूफर दारातल्या स्पीकरच्या विरुद्ध हलतो आणि आवाज मरतो.

"करा," तो म्हणाला. "किती दिवस?"

"तीन."

"आवाज मोठा पाहिजे, मेस्त्री."

"किती मोठा?"

"बाहेरचं काही ऐकू आलं नाही पाहिजे."

मी मान हलवली. हातातली टेप खाली ठेवून मी आत गेलो आणि मोरीत तोंड धुतलं. आरशात बघितलं. तोंडावर काही दिसत नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा तो रिक्षा बघायला रस्त्यावर गेला होता. कुबेर म्हणाला, "काय येडं गिऱ्हाईक हाय बघा. पैसं घालून बहिरं व्हायचं."

"बॉक्स मी एकटा करतो," मी म्हणालो. "ह्यात हात घालू नका."

"का वो? काय विशेष?"

"उलटं काम हाय. चुकतंय."

त्या संध्याकाळी मी गाडीत बसलो. त्याच्या जागेवर. आरशात बघितलं, मागची काच अख्खी दिसत होती. म्हणजे त्या दिवशीही दिसत असणार. मागे कॅमेरा नव्हता, सेन्सर नव्हते. उकिडवं बसलेलं माणूस काचेतून दिसत नाही हे मला माहीत होतं. ते ऐकूच यावं लागतं.

तेव्हा माझं ठरलं. दुकानात गाड्या तोंड आत करून लागतात. बाहेर काढायच्या तर मागेच घ्याव्या लागतात. दुकानाच्या खांबावर कॅमेरा आहे, तो बरोबर गाडीच्या मागच्या जागेवर बघतो. मी त्याला गाडीत बसवणार, आवाज पूर्ण करायला लावणार, मागे घ्या म्हणणार. आणि त्याच्या गाडीच्या मागे उकिडवा बसणार. ओरडणार. कॅमेऱ्यात सगळं येईल. गाणं चालू होतं, माणूस ओरडत होता, ह्याला ऐकू आलं नाही. ह्या वेळी कोणाला आठवत नाही म्हणता येणार नाही. पाय गेले तर जाऊ देत. जीव गेला तरी मला त्याचं काही वाटत नव्हतं. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं.

म्हणून मी आयुष्यात केलं नाही इतकं चांगलं काम केलं.

काम खराब केलं असतं तर तो परत आला असता, भांडला असता, विषय संपला असता. मला तो आवाज पाहिजे होता. अठरा एमएमचा बोर्ड घेतला. सांध्यांना गोंद, वर स्क्रू, आतून पट्ट्या. भोकं राऊटरने काढली आणि कडा हाताने घासल्या. रिंगा दोनदा केल्या, पहिल्या अर्ध्या सुताने बारीक वाटल्या म्हणून. वूफर ठेवून चारी बाजूंनी रबर बघितलं, कुठे घासत नव्हतं. उलट्या वूफरला पुढची कड लाकडावर बसते, तिथून हवा निघायची भीती असते. तिथे फोमची पट्टी लावली आणि उदबत्ती पेटवून कडेकडेने फिरवली. धूर कुठे हलला नाही.

उंची मी मुद्दाम वाढवली. मागच्या काचेच्या वरच्या कडेपर्यंत बॉक्स नेला. दोन मोठे मॅग्नेट काचेला टेकल्यासारखे दिसायला लागले. आरशात आता त्यांच्याशिवाय काही दिसत नव्हतं.

"मेस्त्री," कुबेर दारातून बघत म्हणाला, "स्वतःच्या लग्नात तरी एवढं मन लावून नटला होता का?" मग त्याने जीभ चावली. "चुकलं. तोंडातनं गेलं." बायको गाडीखाली गेली एवढंच मी त्याला सांगितलं होतं.

"चारी दारं उघडतो," मी म्हणालो. "आतून शीट मारतो."

"ते कुठं सांगितलंय त्यानं?"

"दार पॅक केल्याशिवाय दणका घुमत न्हाई. बाहेरचा आवाज आत येतो."

"त्याचं पैसं?"

"माझ्या पगारातनं कापा."

कुबेरने माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी प्रज्योत बघायला आला. डिकी उघडून उभा राहिला. मॅग्नेटवर हात फिरवला. बारीक माणूस होता, सव्वीस-सत्तावीसचा, डोळ्यांखाली काळं. तीन वर्षांत मनात मी त्याला इतका धष्टपुष्ट करून ठेवला होता की दोन दिवस मला तोच माणूस आहे का अशी शंका येत होती.

"भारी केलंय, मेस्त्री."

"गाडी जुनी दिसते," मी म्हणालो. "एवढा खर्च करण्यापरीस नवीन घ्यायची."

"पप्पा विकू देत नाहीत."

"का?"

"विकली की लोक बोलतात." मग लगेच म्हणाला, "म्हणजे, परिस्थिती नाही म्हणतात."

"आणि एवढा आवाज कशाला लागतोय तुम्हाला? कान जातील."

त्याने डिकी खाली ओढली. "गाडी शांत असली की मला बसवत नाही," तो म्हणाला. "तुम्हाला नाही कळायचं."

वायर बरोबर जोडली का ते बघायला मी पेन्सिल सेल घेतला आणि वूफरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवला. उलट्या वूफरच्या जाळीतून कोनाची पाठ हलली. बरोबर दिशेला हलली. मी मान वर केली नाही. मान वर केली असती तर हातातला स्क्रूड्रायव्हर कुठे गेला असता सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो गाडी न्यायला आला. ऊन होतं. रस्त्यावर ऊस भरलेला एक ट्रॅक्टर गेला, मग काही नव्हतं. कुबेर काउंटरवर बसून डबा खात होता.

"बसा," मी म्हणालो. "आधी जागेवर ऐका. मग मागं घ्या, काही खडखडतंय का बघतो."

"मागं घेतल्यावर खडखडतं होय?"

"झटका बसला की सैल स्क्रू कळतो."

ह्यात काही खरं नव्हतं. त्याला ते कळलं नाही. तो बसला. मी दार लावलं. काच वर घ्यायला लावली. आवाज किती वाढवायचा ते हाताने दाखवलं, आणखी, आणखी. नंबरप्लेट थरथरायला लागली. छत गुरगुरायला लागलं. काउंटरवरचा कुबेरचा पेला सरकलेला मी बघितला. त्याने दोन्ही हात वर करून काहीतरी म्हटलं, ते मला बाहेर असूनही ऐकू आलं नाही.

मी हाताने खूण केली. मागं घ्या. मग गाडीच्या मागे गेलो, खिशातले चार स्क्रू खाली टाकले आणि उकिडवा बसलो. डाव्या चाकाच्या मागे. पाय चाकापासून वीतभर.

माझ्या डोक्याच्या वर काचेत ते दोन मॅग्नेट होते. खालची फरशी गुडघ्यात वाजत होती. मी एक स्क्रू उचलला. दुसरा उचलला. तिने किती शेंगा उचलल्या असतील असं मनात आलं. मागचा पांढरा दिवा लागला. म्हणजे गिअर पडला.

मी ओरडलो. "ए! थांब! मागं माणूस हाय!" जितकं ओरडता येईल तितकं ओरडलो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. चाक हललं, इंचभर. मी पाय काढले नाहीत.

मग दिवा विझला.

गाणं बंद झालं. एकदम इतकं शांत झालं की कानात शिट्टी वाजायला लागली. दार उघडलं. बुटांचा आवाज आला, आधी गाडीच्या उजवीकडून, मग मागे. तो वाकून गाडीखाली बघत येत होता. एक हात बंपरला धरून, म्हातारं माणूस चालतं तसा. वळला आणि मी दिसलो.

तोंड उघडं राहिलं. मग त्याने माझा दंड धरून मला ओढलं, इतकं जोरात की मी पालथा पडलो.

"मेस्त्री! इथं कशाला बसला तुम्ही? उठा. उठा आधी."

"स्क्रू पडले," मी म्हणालो.

"गाडी चालू असताना? मी मागं घेत होतो!" तो तिथेच फरशीवर बसला. "मी उतरलो म्हणून. उतरलो नसतो तर?"

"का उतरला?"

"मी उतरतोच. मागं घ्यायच्या आधी गाणं बंद करतो आणि उतरून बघतो. आज तुम्ही मागं उभे आहात म्हणून म्हटलं एवढ्या बारीला नको. पण पायच उचलेना ब्रेकवरचा."

"दर वेळी उतरता?"

"दर वेळी. घरचे हसतात. गाडीखालीपण बघतो."

मी जमिनीवर बसून त्याच्याकडे बघत होतो. मी तीन दिवस एका माजलेल्या माणसासाठी बॉक्स केला होता. हा दुसराच कोणीतरी माझ्यापुढे बसला होता. गाडी मागे घेण्याआधी उतरून बघावं हे तो शिकला होता. माझ्या बायकोवर शिकला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाली तीन वर्षं."

"काय झालं होतं?"

तो खाली बघत राहिला. त्याला तेव्हा खरं बोलायला जागा होती. तिथे कोर्ट नव्हतं, मामा नव्हता, वकील नव्हता. ऊन होतं आणि एक अनोळखी मेस्त्री होता. मी वाट बघितली. मला वाटतं, तेव्हा तो खरं बोलला असता तर मी उठलो असतो, त्याला पाणी दिलं असतं आणि गाडी बाहेर काढून दिली असती.

"काही नाही," तो म्हणाला. "एक कुत्रं आलं होतं चाकाखाली."

मी उठलो. कपड्यांची धूळ झाडली.

"कुत्रं," मी म्हणालो.

"हं."

"तिचं नाव सुगंधा होतं."

त्याने मान वर केली. आधी त्याला कळलं नाही. मग कळलं. तोंडाचा रंग उतरत गेला तो मी सावकाश बघितला. तीन वर्षं मी हेच बघायला जगलो होतो.

"सुगंधा दिनकर सुतार," मी म्हणालो. "मी दिनकर."

"काका..." तो म्हणाला.

"काका म्हणू नको."

कुबेर हात न धुताच काउंटरवरून आला. "काय झालं वो मेस्त्री? पडला का?"

"तुम्ही थांबा इथं," मी म्हणालो. "नुसतं ऐका. ह्याला एकच विचारतो." मी प्रज्योतकडे वळलो. "गाणं चालू होतं का बंद होतं?"

तो गाडीकडे बघायला लागला.

"कोर्टातनं सुटलायस तू. आता तुला कोण काय करत न्हाई. चालू होतं का बंद?"

"चालू होतं."

"मोठ्यानं सांग."

"चालू होतं!" तो म्हणाला आणि रडायला लागला. "मला काही ऐकू आलं नाही. आईची शपथ, काही ऐकू आलं नाही. दणका बसला, तो मला गाण्यातलाच वाटला."

कुबेर मागे सरकला. त्याने एकदा गाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "मेस्त्री," तो हळू म्हणाला, "ही ती गाडी?"

गाण्यातलाच वाटला, हे मी मनात पुन्हा म्हणून बघत होतो. दोन साक्षीदार, वकील, डॉक्टर, कोणीही मला इतकं सांगितलं नव्हतं. ती कशी गेली ते मला आता कळलं होतं. ती त्या गाण्यातला एक ठोका झाली होती.

"कुठलं गाणं होतं?" मी विचारलं.

"नका विचारू."

"कुठलं?"

"लग्नातलं होतं. मामेभावाच्या हळदीला वाजवलेलं. रिमिक्स."

"मोबाईलमध्ये हाय?"

त्याने खिशावर हात ठेवला.

"हाय का न्हाई?"

"आहे. काढलं नाही मी."

"मग लाव."

"नाही, काका. पाया पडतो. दुसरं काहीही सांगा. मी पोलिसांत येतो, चला, आत्ता येतो. जे खरं ते सांगतो."

"ते उद्या सांग. आत्ता बस गाडीत. दार लाव. तेव्हा जेवढा होता तेवढा आवाज कर."

"मला नाही जमणार."

"मला ऐकायचंय," मी म्हणालो. "तिनं शेवटचं काय ऐकलं ते मला ऐकायचंय."

कुबेरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सोडा आता, मेस्त्री. पोरगं मरंल." मी त्याचा हात काढला.

प्रज्योत उठला. गाडीत बसला. बराच वेळ मोबाईल हातात धरून राहिला. मी काचेवर बोट वाजवलं. मग त्याने लावलं.

मी मागे जाऊन उभा राहिलो, चाकाच्या मागे, तिच्या जागेवर. आत हलगी असेल, बाई गात असेल, हळदीचे शब्द असतील. बाहेर काही आलं नाही. मी दारं फार चांगली पॅक केली होती. बाहेर नुसता ठोका येत होता. काच थरथरत होती आणि काचेमागे ते दोन मॅग्नेट जागच्या जागी धडधडत होते. मी काचेला हात लावला. ठोका हातातून खांद्यापर्यंत आला. मी तिचं नाव घेतलं. एकदा, मग मोठ्याने. माझं मला ऐकू आलं नाही.

गाणं संपलं. कुबेर खांबाला टेकून तोंड फिरवून उभा होता. गाडीचं दार उघडलं आणि प्रज्योतचा एक पाय बाहेर आला. चेहरा ओला, नाक गळत होतं. तो माझ्याकडे बघत होता, आता झालं का असं.

मी पुढे गेलो. त्याचा पाय उचलून आत ठेवला आणि दार लावलं. आतून त्याने काच अर्धी खाली केली.

"परत लाव," मी म्हणालो.